राष्ट्र कधी जन्माला आलं? रत्नागिरीतल्या सहा रविवारांच्या अभ्यासवर्गाचं परीक्षण

कोकणात ‘देश’ म्हणजे घाटावरचा मुलूख. कांदा देशावरून येतो, गूळ देशावरून येतो, आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलेला माणूस देशावर गेलेला असतो. आपण राहतो तो देश नव्हेच, देश सह्याद्रीच्या पलीकडे. पहिल्या रविवारी फळ्यावर हा एकच शब्द लिहिला जातो आणि त्याच्यापुढे तीन प्रश्न. हा अर्थ कधीपासूनचा? कोणाच्या तोंडचा? आणि ‘देशासाठी मरावं’ या वाक्यातला देश याच शब्दात केव्हा येऊन बसला? राष्ट्रवादाच्या उगमावरच्या वर्गाला याहून चांगली सुरुवात सुचणं कठीण. पुढचे पाच रविवार ही पातळी टिकते का, तर निम्म्याहून जास्त वेळ टिकते. घसरते ती बहुतेक वेळा भाषांतराच्या पायरीवर.

आधी व्यवहाराचं. शहरातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग भरतो. रविवारी दुपारी ४ ते ६.३०, फी ९०० रुपये. त्यात स्पायरल बांधणीचा २१० पानांचा झेरॉक्स संच, १२ कोरे तक्ते आणि मधल्या सुट्टीतला चहा. सगळं शिकवणं मराठीत, वाचायचे उतारेही मराठीत भाषांतर केलेले. दर आठवड्याला ३५ ते ४० पानं वाचून यायची असतात. न वाचता आलात तर पहिला तास डोक्यावरून जातो, कारण शिकवणारे उताऱ्याचा सारांश सांगत बसत नाहीत, थेट त्याच्यावर भांडायला लागतात. एमपीएससीसाठी तयार नोट्स हव्या असतील तर ९०० रुपये वाचवा. सेट-नेटची तयारी करणारे, इतिहास-राज्यशास्त्र शिकवणारे आणि व्हॉट्सॅपवरच्या ‘आपलं राष्ट्र पाच हजार वर्षं जुनं’ आणि ‘राष्ट्र वगैरे सगळं इंग्रजांनी बनवलं’ या दोन्ही फॉरवर्डना कंटाळलेले लोक, यांना उपयोग आहे.

शब्दांचा पहिला तास सर्वांत चांगला. ‘देश’नंतर ‘राष्ट्र’ येतो. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत राष्ट्र हा कारभाराचा विभाग आहे, प्रांतासारखा. जुन्या ग्रंथात ‘राष्ट्र’ दिसलं की आजचा अर्थ त्यात ओतायचा मोह कसा होतो, हे तिथेच पकडलं जातं. मग ‘वतन’. मराठी कागदपत्रांत वतन म्हणजे पाटलाचा, कुलकर्ण्याचा, खोताचा वंशपरंपरेचा हक्क. उर्दूत तोच शब्द जन्मभूमी. खोतीची भांडणं आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या तासात फ्रेंच विचारवंत अर्नेस्ट रेनाँ. ११ मार्च १८८२ रोजी पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठात त्याने ‘राष्ट्र म्हणजे काय’ या विषयावर व्याख्यान दिलं. वंश, भाषा, धर्म, भूगोल ही सगळी उत्तरं त्याने एकेक करून बाजूला काढली आणि उरलं ते असं की एकत्र भोगलेला भूतकाळ आणि एकत्र राहण्याची आजची इच्छा म्हणजे राष्ट्र, जणू रोज होणारं मतदान. शिवाय त्याचा अधिक बोचरा मुद्दा: राष्ट्र बनायला आठवणी लागतात तितकंच विसरणंही लागतं. संचातला उतारा ठीक आहे, पण त्याला प्रस्तावना नाही. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्सने आल्सेस आणि लॉरेनचा काही भाग गमावला होता. तिथले लोक जर्मन बोलीचे म्हणून ते आमचे, असा जर्मन पक्षाचा दावा होता. हे माहीत नसलं की रेनाँ नुसता तत्त्वज्ञ वाटतो. तो त्या खटल्यातला एका बाजूचा वकीलही होता हे निसटतं. वर्गात जाण्याआधी एवढं स्वतः वाचून जावं.

रेनाँ तपासायला गोव्याचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल घेतात. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, विरोधात १,७२,१९१. सावंतवाडी-बांद्याकडून येणारे लोक यावर तावातावाने बोलतात आणि तास रंगतो. पण उदाहरण बसतं अर्धंच. त्या मतपत्रिकेवर ‘तुम्ही कोणत्या राष्ट्राचे’ हा प्रश्नच नव्हता. भारतात असणं गृहीत धरून त्याच्या आतली रेघ कुठे मारायची एवढंच विचारलं होतं. रेनाँचं रोजचं मतदान हे रूपक आहे, आणि खऱ्या मतदानात आधी कोणीतरी पर्याय ठरवून देतं. पर्याय ठरवणारा कोण, हा प्रश्न वर्गात यायला हवा होता. तो आला नाही.

यानंतर संचात राष्ट्राच्या उगमाबद्दलच्या चार छावण्यांचा नकाशा दिला आहे: आदिमतावादी (राष्ट्राची मुळं जन्मजात वाटणाऱ्या नात्यांत शोधणारे), सनातनतावादी (राष्ट्रं फार जुन्या काळापासून आहेत म्हणणारे), आधुनिकतावादी (राष्ट्र आधुनिक काळात घडलं म्हणणारे), वांशिक-प्रतीकवादी (आधुनिक राष्ट्र जुन्या समूहांच्या कथा-आठवणींवर उभं राहतं म्हणणारे). नकाशा कामाचा आहे, पण आदिमतावाद्यांचं बुजगावणं केलं आहे. एडवर्ड शिल्स (१९५७) किंवा क्लिफर्ड गिर्ट्झ (१९६३) यांनी ‘राष्ट्रं अनादि आहेत’ असं म्हटलेलं नाही. रक्ताची, भाषेची, गावाची नाती माणसाला जन्मजात मिळाल्यासारखी *वाटतात* आणि त्या वाटण्याला राजकारणात वजन असतं, एवढंच त्यांचं म्हणणं. ज्याने गावदेवीच्या पालखीला खांदा दिला आहे त्याला ते वाटणं काय असतं ते ठाऊक आहे. त्याची टिंगल करून पुढे गेलं की तिसऱ्या-चौथ्या रविवारी ते दुसऱ्या दाराने आत येतं. आलंच.

दुसरा रविवार आधुनिकतावादी समाजशास्त्रज्ञ अर्न्स्ट गेलनरचा, आणि इथे वर्ग खरोखर वर चढतो. गेलनरची यंत्रणा (१९८३) पायरीपायरीने फळ्यावर मांडली जाते. शेतीप्रधान समाजात वर लिहिता-वाचता येणाऱ्यांचा पातळ थर, खाली एकमेकांपासून तुटलेली गावं. वरच्याची भाषा वेगळी, खालच्यांच्या बोली वेगळ्या, आणि त्याने कोणाचं काही अडत नाही. कारखानदारी आली की अडतं. अनोळखी माणसाने लिहिलेली सूचना अनोळखी माणसाला वाचून कळली पाहिजे, आज इथे तर उद्या तिथे काम करता आलं पाहिजे. हे शिक्षण आईबाप देऊ शकत नाहीत, शाळा देते, आणि एवढ्या शाळांचा खर्च राज्यालाच झेपतो. म्हणून एक राज्य, एक शिक्षित भाषा-संस्कृती. ज्यांची भाषा कचेरीत चालत नाही त्यांच्यापुढे दोनच वाटा: त्या भाषेत मिसळून जा, नाहीतर स्वतःची कचेरी काढा. दुसरी वाट म्हणजे राष्ट्रवाद. थोडक्यात, राष्ट्रं होती म्हणून राष्ट्रवाद आला असं नसून राष्ट्रवादाने राष्ट्रं घडवली.

तपासणीला घेतलेलं उदाहरण चाकरमान्यांचं. मुंबईच्या गिरण्या १८५० च्या दशकात सुरू झाल्या आणि त्यांना सर्वांत जास्त मजूर पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीचं नाव अग्रभागी. गेलनर बरोबर असेल तर या माणसांची गावकी गिरणीच्या धुरात विरघळायला हवी होती. झालं काय? भरती जॉबरमार्फत, म्हणजे मजूर आणणाऱ्या मुकादमामार्फत, आणि जॉबर आपल्याच गावचा-नात्यातला. राहणं गावकीच्या खोलीत, जेवण खानावळीत, मनिऑर्डर गावी, गणपतीला आणि शिमग्याला परत. उद्योगाने गाव पुसलं नाही, परळला त्याची एक शाखा उघडली. त्याहून मोठी अडचण विणकाम खात्यातली. धोट्यात धागा ओवायला तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तिथे, म्हणजे जास्त पगाराच्या खात्यात, शिरकाव नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हाच मुद्दा पुढे केला. यंत्र तेच, पण त्या यंत्रापुढे माणसं बदलता येत नव्हती.

वर्गाचं कौतुक यासाठी की हे उदाहरण ‘गेलनर चुकला’ असं म्हणून फेकून दिलं जात नाही. कुठे चुकला ते शोधलं जातं. एक, त्याने समाजाची गरज सांगितली आणि गरज आहे म्हणून गोष्ट घडते असं धरलं. तहान लागली म्हणून विहीर खणली जातेच असं नाही. दोन, काळाचा क्रम. ग्रीकांचा उठाव १८२१ चा, काँग्रेस १८८५ ची. दोन्हीकडे तेव्हा कारखानदारी नावापुरतीच. तीन, शाळा. गेलनरसाठी शाळा यंत्राच्या मागणीतून येते, इथे ती बहुतांश इंग्रजी राजवटीला लागणाऱ्या कारकुनांच्या मागणीतून आली. कोकणातून पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत गेलेली पिढी गेलनरच्या ‘कचेरीची भाषा’ या मुद्द्याला मात्र चपखल बसते. यंत्रणेचा निम्मा भाग चालतो, निम्मा नाही. हा तास एकट्याने ९०० रुपये वसूल करतो.

तिसरा रविवार राज्यशास्त्रज्ञ बेनेडिक्ट अँडरसन, आणि इथेच संच दगा देतो.

पान ६३ वर त्याची गाजलेली संज्ञा ‘काल्पनिक समुदाय’ अशी छापली आहे. मराठीत काल्पनिक म्हणजे नसलेलं, खोटं. ‘या कथेतील सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ यातलं काल्पनिक. अँडरसन नेमकं याच्या उलट सांगतो. १९८३ च्याच त्या पुस्तकात तो गेलनरला टोकतो, की तू ‘घडवणं’ आणि ‘बनावट’ यांत गल्लत करतोस. ज्यांना आपण आयुष्यात भेटणार नाही अशा लाखो माणसांशी आपलं नातं मनात उभं करणं म्हणजे कल्पिणं, आणि ते नातं खोटं नसतं, लोक त्यासाठी जीव देतात. समोरासमोर ओळख असलेल्या गावापेक्षा मोठा कुठलाही समुदाय असाच कल्पिलेला असतो. चाळीस घरांच्या वाडीत प्रत्येकाला प्रत्येक जण माहीत. पण लालबागमध्ये जन्मलेला, वर्षातून चार दिवस येणारा नातू जेव्हा ‘आमच्या गावात’ म्हणतो तेव्हा तोही कल्पितोच. खोटं बोलत नाही. ‘कल्पिलेला समुदाय’ असं हवं. पेन्सिलीने पान ६३, ६४, ७१ वर दुरुस्ती करून मगच वाचायला घ्या, नाहीतर पूर्ण अडीच तास ‘म्हणजे राष्ट्र खोटं का, सर?’ या एकाच प्रश्नावर जातात. चौथ्या रविवारीही तोच घोळ: इतिहासकार हॉब्सबॉम आणि रेंजर यांच्या ‘शोधलेल्या परंपरां’ना, म्हणजे जुन्या भासणाऱ्या पण नव्याने घडवलेल्या परंपरांना, संच ‘बनावट परंपरा’ म्हणतो. हॉब्सबॉमच्या लिखाणात थोडी कुचकट छटा आहे हे खरं, पण बनावट नोट आणि नव्याने घडवलेली परंपरा यांत फरक आहे.

अँडरसनची मुद्रण-भांडवलशाही, म्हणजे नफ्यासाठी छापलेल्या पुस्तकं-वृत्तपत्रांनी एका भाषेचे अनोळखी वाचक जोडले जाणं, तपासायला ‘दर्पण’ घेतला आहे, आणि निवड उत्तम. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, ६ जानेवारी १८३२, पहिलं मराठी वृत्तपत्र. एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी. पानाची प्रत समोर ठेवून विचारतात: वाचक कोण धरला आहे? दोन स्तंभ कशाला? बातम्या कुठल्या, आणि एकाच तारखेखाली मुंबईची, कलकत्त्याची आणि विलायतेची बातमी शेजारी-शेजारी आली की वाचणाऱ्याच्या मनात काय होतं? अँडरसनचा सर्वांत बारीक मुद्दा हाच आहे, ‘त्याच वेळी दुसरीकडे’ ही जाणीव. तो भाषण न देता पानावर बोट ठेवून कळतो. त्याच्या जोडीला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१) आणि जांभेकरांनीच छापून आणलेली ज्ञानेश्वरी (१८४५) ठेवली की छापील मराठी कशी ठरत गेली ते दिसतं. मालवणी त्या ठरण्यातून बाहेर राहिली आणि दशावताराच्या रंगमंचावर, बाजारात, घरात उरली. छापखान्याच्या भाषेशी जवळ असलेल्या बोली वर येतात आणि लांबच्या मागे पडतात, हा अँडरसनचा मुद्दा याहून जवळचं उदाहरण मागत नाही.

पण शिकवणाऱ्यांचा उत्साह इथे आवरत नाही. ‘पोंभुर्ल्याच्या सुपुत्राने राष्ट्राची पायाभरणी केली’ हे वाक्य फळ्यावर राहून जातं. १८३२ च्या दर्पणातला कल्पिलेला समुदाय मुंबईतल्या शिकलेल्यांचा होता, भारत नावाच्या राष्ट्राचा नव्हे. आणि १९०१ च्या जनगणनेतही देशातले साक्षर जेमतेम पाच टक्के. मग उरलेल्या पंच्याण्णवांनी राष्ट्र कसं कल्पिलं? छापील शब्दावर अडून राहिलं की उत्तर मिळत नाही. केसरीचा अंक पारावर एकाने वाचायचा आणि वीस जणांनी ऐकायचा, कीर्तनकाराने उत्तररंगात ताजी गोष्ट घुसवायची, गणपतीपुढच्या मेळ्यात पदं म्हणायची, ही माध्यमं अँडरसनच्या चौकटीत बसवायची तर चौकट थोडी सैल करावी लागते. रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यांवर एखादा तक्ता केला असता तर हा वर्ग पुण्यातल्या कुठल्याही वर्गाहून वेगळा ठरला असता.

चौथा रविवार वादाचा. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी वॉरिक विद्यापीठात गेलनर आणि त्याचाच जुना विद्यार्थी अँथनी स्मिथ समोरासमोर आले. गेलनरने विचारलं, राष्ट्राला बेंबी असते का? म्हणजे आदमला बेंबी होती का, या जुन्या कोड्यासारखं: बेंबी असेल तर आधीचा जन्म मानावा लागतो. त्याचं म्हणणं, काही राष्ट्रांना असेल, काहींना नाही, आणि नसली तरी चालतं. एस्टोनियाच्या लोकांना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वतःसाठी नावही नव्हतं, तरी पुढे त्यांचं राष्ट्र झालंच. स्मिथचं (१९८६ पासूनचं) म्हणणं, जुन्या समूहाचं नाव, पूर्वजांच्या कथा, पवित्र जागा आणि आठवणी यांचा कच्चा माल असल्याशिवाय आधुनिक राष्ट्र उभं राहत नाही. छापखाना शून्यातून काही काढत नाही. या भेटीनंतर दोन आठवड्यांच्या आत गेलनर वारला.

वर्गाचे दोन भाग करून हा वाद रायगडावर खेळवतात. इथेच ते १२ कोरे तक्ते लागतात, आणि अख्ख्या अभ्यासक्रमातली सर्वांत उपयोगी वस्तू तीच. रकाने पाच: प्रसंग किंवा वस्तू, प्रसंगाची तारीख, त्याची आठवण जाहीरपणे मांडली गेल्याची तारीख, माध्यम, आणि पैसा कोणाचा, बोलावणं कोणाला. नव्वद टक्के चुका दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात होतात. ‘रायगड’ म्हटलं की लोक १६७४ लिहितात आणि थांबतात. राज्याभिषेक १६७४ चा, पण जोतीराव फुल्यांचा शिवाजीवरचा पोवाडा १८६९ चा, आणि टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर उत्सव झाला तो १८९६ चा. एकाच प्रसंगाला तिसऱ्या रकान्यात दोन तारखा, आणि दोघांचा शिवाजी वेगळा: एकाचा शूद्र-कुणब्यांचा राजा, दुसऱ्याचा परक्या सत्तेविरुद्ध सगळ्यांना जोडणारा. म्हणजे परंपरा घडवणारे एकाहून अधिक असतात आणि ते एकमेकांशी भांडतात. हॉब्सबॉमची चौकट घडवणारा कोण ते शोधते. ऐकणाऱ्यांनी त्यातलं काय उचललं आणि काय टाकलं हे तिच्यातून कमी दिसतं. हॉब्सबॉम-रेंजर यांच्या त्याच लेखसंग्रहात बर्नार्ड कोन याने १८७७ च्या दिल्ली दरबारावर लिहिलं आहे, ते संचात आहे आणि ते सोडू नये. परंपरा घडवण्याचा कारखाना आधी सरकारनेच उघडला होता, हे त्यातून कळतं.

स्मिथच्या बाजूचे लोक ‘महाराष्ट्र धर्म’ पुढे करतात. रामदासांच्या पत्रातला शब्द, म्हणजे सतराव्या शतकातला कच्चा माल हजर. समोरची बाजू तक्ता दाखवते: त्या शब्दाला देशभक्तीच्या जवळचा अर्थ देणारं न्यायमूर्ती रानड्यांचं पुस्तक १९०० चं. आमच्या मते दोघांनाही अर्धे-अर्धे गुण. शब्द जुना आहे आणि अर्थ नवा आहे. अर्थ नवा आहे म्हणून शब्दाचं जुनेपण निरर्थक ठरत नाही. टिळकांनी रायगड निवडला, एखादी मोकळी टेकडी निवडली नाही. इतिहासकार क्रिस्टोफर बेली याने ‘जुनी देशभक्ती’ म्हणून मराठ्यांचं उदाहरण घेतलं (१९९८) ते याच मधल्या जागेत बसतं. संचात बेली नाही, हे आश्चर्य.

चेक इतिहासकार मिरोस्लाव ह्रोख नाही याचं तर दुःख. मध्य युरोपातल्या लहान राष्ट्रांसाठी त्याने १९६८ मध्ये मांडलेले तीन टप्पे नवख्या विद्यार्थ्याच्या हातात देण्यासारखं सर्वांत सोपं अवजार आहे. पहिल्यात काही विद्वान भाषा, लोकगीतं, कागद गोळा करतात. दुसऱ्यात कार्यकर्ते प्रचार करतात. तिसऱ्यात लोक उतरतात. इथे लावून पाहा. तिसरा टप्पा १९३० चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह म्हणून सहज दाखवता येतो. पण राजवाड्यांच्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ चा, म्हणजे रायगडच्या उत्सवाच्या *नंतरचा*. पहिला टप्पा दुसऱ्याच्या मागून आला. क्रम उलटला की प्रश्न सुरू होतात, आणि असे प्रश्न निर्माण करणं हेच तर अवजाराचं काम.

पाचवा रविवार सगळ्यांत फसलेला. वसाहतीतल्या राष्ट्रवादाचे अभ्यासक पार्थ चॅटर्जी आणि आंबेडकर दोघे मिळून अडीच तासांत कोंबले आहेत, आणि त्यातली पहिली चाळीस मिनिटं चौथ्या रविवारचं भांडण संपवण्यात गेली. चॅटर्जीचा अँडरसनला सवाल साधा आहे: युरोप-अमेरिकेने साचे तयार केले आणि आम्ही ते फक्त भरले, तर मग आम्हाला कल्पिण्यासारखं उरलं काय? त्याचं उत्तर (१९९३), वसाहतीतल्या राष्ट्रवादाने बाहेरचं क्षेत्र, म्हणजे राज्यकारभार आणि विज्ञान, साहेबाकडे आहे हे मान्य केलं. पण आतलं क्षेत्र, म्हणजे भाषा, धर्म, घर, स्त्री, इथे राजकीय लढाईच्या कितीतरी आधी स्वतःचं राज्य जाहीर केलं. त्याची उदाहरणं बंगालची. इथलं उदाहरण हाताशी होतं: १८९१ चा संमतिवयाचा, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय ठरवणारा, कायदा आणि त्याला टिळकांचा विरोध. संचात त्याची एक ओळ नाही. आतल्या क्षेत्राची राखण करताना त्या क्षेत्रातल्या बायकांना कोणी विचारलं होतं का, हा प्रश्नही म्हणून आला नाही. राष्ट्र आणि स्त्री यावर सहा रविवारांत मिळून एक पान आहे.

आंबेडकरांचा भाग लहान पण धारदार. महाड आणि रायगड एकाच तालुक्यात. १८९६ चा उत्सव वर गडावर, २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी खाली गावात. नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव आधीच केला होता, म्हणजे कागदावर हक्क होता. ज्या ‘आतल्या क्षेत्रा’ला चॅटर्जी राष्ट्रवादाचं स्वतःचं घर म्हणतो, त्या घराच्या विहिरीवर काहींना बंदी होती. आंबेडकरांनी १९४० मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावर लिहिताना रेनाँचाच आधार घेतला, आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे, असं विचारलं. पहिल्या रविवारचा रेनाँ पाचव्याला असा परत येतो, आणि ज्याने वर्ग आखला त्याला हे माहीत होतं हे दिसतं. वेळेचं गणित मात्र साफ चुकलं. हॉब्सबॉमचं अर्धं ओझं काढून इथे एक पूर्ण रविवार द्यायला हवा.

शेवटचा रविवार शहरफेरीचा. टिळक आळीतलं टिळकांचं जन्मघर (१८५६), पतितपावन मंदिर (१९३१, भागोजीशेठ कीरांच्या पैशाने, सर्व जातींना खुलं) आणि थिबा पॅलेस. मंदिरात सावरकरांची ‘हिंदू कोण’ याची १९२३ ची व्याख्या आणि रेनाँची राष्ट्राची १८८२ ची शेजारी ठेवून वाचतात: एकीत पितृभू-पुण्यभू, दुसरीत इच्छा. कोणती बरोबर हे ठरवत नाहीत. कोणत्या व्याख्येने कोण आत येतो आणि कोण बाहेर जातो याची यादी करायला लावतात. ही शिस्त चांगली, कारण नाहीतर तिथे घोषणा व्हायला वेळ लागत नाही.

थिबा पॅलेस हा फेरीचा कळस. ब्रह्मदेशाच्या या राजाला १८८५ मध्ये मंडालेहून उचललं, १८८६ पासून तो रत्नागिरीत, आणि इथेच १९१६ मध्ये वारला. इंग्रजांनी आपल्या बहादूरशहाला रंगूनला पाठवलं, तो तिथे १८६२ मध्ये गेला. दोन राजांची अदलाबदल. थिबा राज्य करत होता तेव्हा त्याची प्रजा ही ‘राष्ट्र’ नव्हती. राजघराणं होतं आणि त्याचे मांडलिक होते. पण २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन त्याच्या थडग्यापाशी आले, तेव्हा ते राष्ट्राच्या वतीने आले. तक्त्याचा दुसरा आणि तिसरा रकाना यांच्यामधलं अंतर इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. दुर्दैवाने फेरी ४ ला सुरू होते आणि पॅलेसपर्यंत पोचेपर्यंत संग्रहालयाची बंद व्हायची वेळ झालेली असते. सुरुवात दुपारी २ ला आणि तीही पॅलेसपासून करावी. आळी आणि देऊळ नंतरही पाहता येतात.

बाकी किरकोळ. झेरॉक्सची डावी समास-बाजू स्पायरलमध्ये गेली आहे, पान ११० ते १२४ वर ओळींची सुरुवात वाचता येत नाही. ग्रंथालयाच्या काउंटरवर मूळ प्रत मागितली तर दाखवतात. सभागृहात पंख्याचा आवाज इतका की मागच्या दोन रांगांत निम्मं ऐकू येत नाही. पावसात वीज गेली की प्रोजेक्टर बंद, तेव्हा फळ्याजवळ बसलेल्यांचं फावतं. सहा तक्ते भरायला लागतात, बारा दिले आहेत ते योग्यच, कारण पहिले दोन-तीन हमखास चुकतात. चहा बरा आहे.

पुढची तुकडी गणपती झाल्यावर, चाकरमानी परत गेले की सुरू होते. नाव नोंदवताना संच लगेच ताब्यात घ्यावा आणि पहिल्या रविवारी जाताना पेन्सिल, खोडरबर आणि पान ६३ दुरुस्त करून न्यावं.